एकच रान, दोन वह्या : सुपे तालुक्याचा वनमाल आणि गोव्याची सरहद्द

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत ती उत्तर कन्नड जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही. डिग्गीच्या पश्चिमेस मात्र घाटमाथा लगेच संपतो आणि खाली गोव्याचा सांगे तालुका लागतो. माथ्यावरचे रान आणि उतारावरचे रान यांत झाडांना काही फरक कळत नाही. किंदळ, ऐन, जांभा, शिसव, भिरंड, वेत, कोंडा दोन्हीकडे आहे. फरक केला तो माणसांनी, आणि तोही दोनशे वर्षे टिकवला. डिसेंबर १९६१ पर्यंत या माथ्यावर दोन देशांची सरहद्द होती.

दोन देशांच्या वनमालाच्या व्यापाराची तुलना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कॅनडा, ब्राझील, फिनलंड असे देश येतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४७ पासून वनमालाची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करते, तिचे तक्ते समोर ठेवून अशी तुलना करता येते. परंतु विद्यार्थ्यांना हा विषय शिकवायचा असेल तर जोयड्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळणार नाही. येथे रान एक, लोक बहुतांशी एक, बोलीही एक. बदलते ती फक्त हिशेबाची वही. त्यामुळे आकड्यांतील कोणता फरक रानातला आणि कोणता वहीतला, हे येथे वेगळे करून पाहता येते.

ही सरहद्द मुळात व्यापारासाठी किंवा निसर्गाचा विचार करून आखलेली नव्हती. घाटावरचा सुपे भाग आणि घाटाखालचे फोंडे, पंचमहाल, काणकोण हे महाल सोंद्याच्या राजाच्या एकाच राज्यात होते. १७६३-६४ च्या सुमारास हैदर अलीने सोंदे घेतले, राजा गोव्यात आश्रयाला गेला आणि बांदिवड्यास राहिला. घाटाखालचे महाल पोर्तुगिजांकडे गेले व 'नव्या काबिजादी'त मोडू लागले. घाटावरचा भाग हैदर, टिपू आणि १७९९ नंतर इंग्रज यांच्याकडे आला. म्हणजे ज्या मालावर पूर्वी एकाच राजाचे जकातदार घाटाच्या तोंडाशी जकात घेत होते, तोच माल आता परदेशी ठरला. माल वाहणारे बैल तेच, घाट तेच : तिनई, डिग्गी, अणशी. खालून मीठ व नारळ वर जात आणि वरून धान्य व रानचा माल खाली येत असे. या अदलाबदलीत मिठाचे महत्त्व विसरू नये. वनमालाच्या व्यापाराचा विचार करताना मिठाकडे पाहणे विचित्र वाटेल, पण परतीच्या बैलाच्या पाठीवर काय आहे यावर जातानाचे भाडे ठरते, हे कोणत्याही वाहतूकदाराला ठाऊक असते.

दोन सरकारांची रानाकडे पाहण्याची रीत मात्र वेगळी होती. इंग्रजांना प्रथम जहाजांसाठी सागवान हवे होते. १८०६ मध्ये त्यांनी मलबार व कानडा या प्रांतांसाठी कॅप्टन वॉटसन यास कॉन्झर्व्हेटर नेमले आणि साग सरकारी मालकीचा ठरवला. लोकांच्या व व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. पुढे १८५६ मध्ये मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न याच्या हाताखाली वनखाते पुन्हा उभे राहिले, आणि १८६० मध्ये सरकारी रानात परवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यास जोडला गेला, १८६५ व १८७८ चे वनकायदे आले. पोर्तुगीज बाजूला जहाजबांधणीचे मोठे काम गोव्याबरोबर दमणलाही चाले. 'दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया' ही त्यांची प्रसिद्ध फ्रिगेट १८४३ मध्ये दमणला बांधली गेली, ती नगरहवेलीच्या सागाची. गोव्याच्या डोंगराळ महालांत कुमेरी मात्र इंग्रजी हद्दीइतक्या लवकर आणि इतक्या कडकपणे बंद झाली नाही, मुक्तीनंतरच्या काळापर्यंत ती कुठे ना कुठे चालूच होती.

येथे एक गोष्ट माझ्या मते व्यापाराच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कुमरी बंद झाली म्हणजे सुप्याच्या कुणब्याची नाचणी बंद झाली. ज्याला रानात धान्य पिकवता येत नाही त्याने ते विकत घेतले पाहिजे. विकत घ्यायला पैसा हवा. पैसा मिळणार हिरडा, शिकेकाई, मध, मेण गोळा करून किंवा लाकूडतोडीच्या मजुरीतून. तेव्हा कुमरीबंदीनंतर एखाद्या तालुक्यातून बाहेर जाणाऱ्या हिरड्याचा आकडा वाढलेला दिसला, तर त्याचा अर्थ भरभराट असेलच असे नाही. तो उपाशी पोटाचाही आकडा असू शकतो. उलट सरहद्दीपलीकडे हाच आकडा कमी दिसला, तर तेथील लोक आळशी किंवा रान उजाड असाही निष्कर्ष निघत नाही, ते आपली नाचणी खात असतील.

आता वहीकडे वळू. पहिली अडचण मापाची. दोन्ही बाजूंच्या कागदांत 'खंडी' हा शब्द येतो, पोर्तुगीज तिला 'कांदील' लिहितात. मुंबईकडच्या वजनाची खंडी वीस मणांची, गोव्याची धान्याची खंडी वीस कुडवांची. वीस दोन्हीकडे आहेत, म्हणून नवखा अभ्यासक फसतो. मण हे वजन, कुडव हे आकारमान. सुकलेल्या शिकेकाईचा कुडव आणि ओल्या हिरड्याचा कुडव तराजूत घातले तर सारखे भरणार नाहीत. इमारती लाकडाची खंडी तिसरीच, ती घनफुटांत मोजली जाई आणि मुंबईच्या बाजारात ती साडेबारा घनफुटांची होती. त्यात पोर्तुगालने १८५२ मध्ये कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारलेली, आपल्याकडे ती आली शंभर वर्षांनी. तेव्हा तक्त्यात खंडी दिसली की 'कशाची?' हा प्रश्न प्रथम विचारावा, बेरीज नंतर.

नाण्याचे त्या मानाने सोपे आहे. गोव्यात पूर्वी अशर्फी चाले. नंतर रुपी आली आणि १८८० च्या दशकापासून ती इंग्रजी रुपयाच्या बरोबरीची झाली. १९५९ मध्ये सहा एस्कुदांना एक रुपी या दराने एस्कुद सुरू झाला. म्हणजे मधली पाऊणशे वर्षे किमतींची तुलना थेट करता येते. वर्षाचे तसे नाही. इंग्रजी हद्दीतले हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होई. तोड हिवाळ्या-उन्हाळ्यात, वाहतूक पावसाळ्यापूर्वी. मार्चमध्ये डेपोतून निघालेले आणि एप्रिलमध्ये सरहद्द ओलांडलेले ओंडके दोन निरनिराळ्या वर्षांत पडतात. पलीकडचे वर्ष कोणत्या महिन्यापासून धरले आहे हे त्या त्या अहवालाच्या पहिल्या पानावर पाहावे, अंदाजाने लिहू नये.

दुसरी अडचण शीर्षांची, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या सदरात टाकली याची. भिरंड हे उत्तम उदाहरण. मराठीत आपण कोकम म्हणतो, झाडाला व फळाला रातांबा. गोव्यात भिरंड, कन्नडमध्ये मुरुगलु. पोर्तुगीज कागदात तेच 'ब्रिंदांव' होते, आणि तो शब्द भिरंडावरूनच झाला आहे. 'कोकम' शोधत पोर्तुगीज तक्ता चाळणाऱ्याला काहीच सापडणार नाही आणि तो प्रामाणिकपणे लिहील की गोव्यातून कोकम जातच नव्हते. काजूचा घोटाळा वेगळा. हे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले, नावही तिकडचे. डोंगरउतारावर ते आता रानासारखेच वाढते, पण हिशेबात ते बागायतीत. आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही हीच गंमत आहे. १९८८ पासून लागू असलेल्या पद्धतीत लाकूड ४४ व्या प्रकरणात आहे, बांबू व वेत १४ व्या, लाख व डिंक १३ व्या, काजू ८ व्या, मध ४ थ्या. 'वनमाल' म्हणून जो केवळ ४४ वे प्रकरण उघडतो, त्याला जोयड्याच्या बाईच्या डोक्यावरच्या टोपलीतले जवळजवळ काहीच दिसत नाही. बांबूच्या बाबतीत तर कायदाही अडखळला. १९२७ च्या भारतीय वनकायद्याच्या व्याख्येत तो 'झाड' होता, २०१७ च्या दुरुस्तीने ते बदलले. वनस्पतिशास्त्र त्याला प्रथमपासून गवतच म्हणत आले आहे.

तिसरी अडचण समजण्यासाठी १८७८ चा तह पाहावा लागतो. डिसेंबर १८७८ मध्ये इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांचा जकातसंघ झाला. तो १८८० पासून बारा वर्षे चालला. सरहद्दीवरची जकात उठली, गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. मिठागरवाल्यांचे व माडाच्या रेंदेरांचे हाल झाले, गोव्यात मोठा असंतोष माजला आणि १८९२ च्या जानेवारीत तह संपू दिला गेला. अभ्यासकासाठी यातली खरी मेख अशी : जकात नसेल तर जकातनाका नाही, नाका नसेल तर नोंद नाही. त्या बारा वर्षांत सरहद्दीवरच्या वनमालाचे आकडे पातळ झालेले दिसले तर व्यापार मंदावला असे म्हणता येत नाही, अडथळा गेल्यामुळे तो वाढलाही असेल. वही गप्प असते तेव्हा बाजार गप्प असतोच असे नाही.

तहाचे टिकलेले फळ म्हणजे रेल्वे. मुरगावहून सावर्ड्यापर्यंतचा भाग १८८७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी दूधसागरचा घाट चढून गाडी कॅसलरॉकला पोहोचली. कॅसलरॉक हे सुपे तालुक्यातले गाव, आज जोयडा तालुक्यात. इंग्रजी बाजूची जकात तेथे, पोर्तुगीज बाजूची खाली कुळे येथे. या एका मार्गाने तालुक्याच्या रानाला दुसरे तोंड फुटले. तोवर सुप्या-दांडेलीचे जड लाकूड काळी नदीने कद्र्याकडे आणि तेथून कारवारला उतरत असे व पुढे समुद्रमार्गे मुंबईला जाई. ही वाट सगळी इंग्रजी हद्दीतली. आगगाडीची वाट परदेशातून मुरगाव बंदराला जाणारी. उलट दिशेने तीच गाडी लोंढ्यावरून धारवाड, बेळगाव, पुण्याच्या बाजाराला जोडणारी. पुढे आळणावर-दांडेली फाटा झाला तो मुख्यतः लाकडासाठीच. यानंतर 'सुप्याचे लाकूड गोव्याला किती गेले' या प्रश्नाचे उत्तर देताना गोव्याला गेले आणि गोव्यावरून गेले, यांत भेद करावा लागतो.

हा भेद विद्यार्थ्यांना फळ्यावर असा दाखवता येईल. समजा, तिनईघाटाहून हिरड्याच्या १०० गोण्या रेल्वेने निघाल्या. हिरडा कातडे कमावण्यास लागे आणि युरोपात त्याला मोठी मागणी होती. कॅसलरॉकच्या कारकुनाने लिहिले : पोर्तुगीज हिंदुस्थानास निर्यात, १०० गोण्या. कुळ्याच्या कारकुनाने पाहिले की माल मुरगावहून जहाजाने पुढे जायचा आहे. त्याने तो आयातीत न धरता 'वाटेवरचा माल' म्हणून वेगळा लिहिला : आयात, शून्य. समजा त्यातल्या २० गोण्या मडगावच्या चांभारवाड्यासाठी उतरल्या, तर आयात २०, वाटेवरचा ८०. हॅम्बुर्गच्या बंदरात त्या ८० गोण्या उतरल्या तेव्हा तेथील अधिकाऱ्याने जहाज जेथून सुटले ते बंदर पाहून लिहिले : पोर्तुगीज हिंदुस्थानातून आयात, ८०. आता इंग्रजी वहीप्रमाणे गोव्याने १०० घेतल्या, गोव्याच्या वहीप्रमाणे २०, आणि जर्मन वहीप्रमाणे गोव्याच्या रानात ८० गोण्या हिरडा पिकला. कोणीही खोटे लिहिलेले नाही. किमतीत आणखी एक फरक पडतो : पाठवणारा रानाजवळची किंमत लिहितो, घेणारा भाडे-विमा धरून. आजही दोन देशांचे लाकडाचे आकडे जुळत नाहीत त्यामागे बहुधा हीच कारणे असतात. चोरटी तोड हे कारण असतेच, पण ते शोधण्यापूर्वी ही साधी कारणे वजा करावी लागतात.

भाषेच्या अभ्यासकाला या व्यापाराचा एक ठसा वहीबाहेरही सापडतो. डेपोत लाकडाचा जो 'लिलाव' होतो तो पोर्तुगीज लैलांव. तोडणाऱ्याला मिळणारा 'पगार' पोर्तुगीज, लाकूड घडवणारा 'मेस्त्री' पोर्तुगीज, त्याने बसवलेले 'जनेल' आणि त्याची 'बिजागरी' पोर्तुगीज. 'तुरुंग' हा शब्द ज्या 'त्रोंकु'वरून आला त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय ज्यात अडकवत तो लाकडी खोडा. दुसऱ्या बाजूने वनखात्याबरोबर 'डेपो', 'पास', 'रेंज', 'कूप' आले, त्यातला कूप मूळचा फ्रेंच. म्हणजे व्यवहाराचे आणि घडणावळीचे शब्द समुद्राकडून चढले, बंदोबस्ताचे शब्द पठाराकडून उतरले, असे ढोबळमानाने म्हणता येईल. 'लिलाव' आणि 'पगार' सबंध महाराष्ट्रात आहेत, म्हणून त्यावरून केवळ जोयड्याबद्दल काही सिद्ध करू नये. उलट प्रवासही झाला : आपली 'लाख' पोर्तुगिजांत जाऊन मोहोरेची 'लाक्र' झाली, आणि 'कुणबी' तेथे 'कुरुंबीं' झाला.

१९४७ नंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. गोव्यावरचे निर्बंध १९५४ पासून कडक होत गेले. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सरहद्द बंद झाली आणि आगगाडी कॅसलरॉकलाच थांबू लागली. कागदावर व्यापार शून्य. पायवाटा चालू होत्या, त्यांची वही नव्हती. १९५६ च्या नोव्हेंबरात जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला, त्यामुळे एकाच तालुक्याची जुनी दप्तरे मद्रास, मुंबई आणि बंगळूर अशा तीन ठिकाणी विभागली गेली. गोवा मुक्त झाल्यावर आयात-निर्यात हे शब्दच संपले, उरला तो वाहतूक पास आणि वननाका. त्याच सुमारास दांडेलीचा कागदकारखाना सुरू झाला आणि बाजारभावाच्या मानाने नाममात्र दरात त्याला बांबू मिळू लागला, हे माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी पुढे आणले. टोपल्या विणणाऱ्याला मात्र बाजाराचा भाव. व्यापाराच्या वहीत यानंतर बांबू दिसत नाही, कागद दिसतो. नव्वदच्या दशकात शिरसी-सिद्दापुराकडे उप्पग्याची साल अमेरिकेतल्या वजन उतरवणाऱ्या गोळ्यांसाठी एकाएकी महाग झाली, तीही तिकडे वनमाल म्हणून नव्हे, औषधी अर्क म्हणून पोहोचली. आणि खुद्द सुपे गाव काळीवरच्या धरणाखाली गेले. धरण १९८७ मध्ये पुरे झाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, बऱ्याच विस्थापितांनी रामनगरात घरे केली.

या जुन्या वह्या आज वाचण्याचे कारण निव्वळ इतिहासाची हौस नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या वननिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वी ती जमीन आपल्या कब्जात होती हे दाखवायचे असते. इतर पारंपरिक वननिवासीला त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मागे जात जात ते १९३० पर्यंत पोहोचते. गोव्यात कुणबी, गावडा व वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटावर जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी आहे, ती मान्य झालेली नाही. सोयरीक एक, कुलदेव एक, पण घाटाखालच्या भावाला एक पुरावा आणि घाटावरच्या भावाला दुसरा. त्यातही घाटावरच्याचे मूळ गाव कदाचित पाण्याखाली.

नियमांनी पुरावा म्हणून सरकारी दप्तर, गॅझेटिअर, वनखात्याचे कागद आणि वृद्धांचे कथन हे सगळे ग्राह्य धरले आहे. म्हणजे १९३० पूर्वीचा हिरड्या-शिकेकाईचा एखादा पास, कुमरीच्या कराची पावती, डेपोच्या मजुरांची यादी यांतले गावाचे नाव आणि माणसाचे नाव हे आज उपयोगाचे आहे. अडचण एवढीच की ते नाव इंग्रजी कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले असते. कुमरीचीच कुमारी, कूमरी, कूम्री अशी रूपे सापडतात आणि पोर्तुगीज बाजूला 'कुमेरीं'. वाडीचे नाव कन्नड उच्चाराने एक, कोकणीने दुसरे, मोडीत तिसरे. कुणब्याला कुठे जातीने ओळखले आहे, कुठे केवळ कुमरी करणारा म्हणून. हे चारही लेखनप्रकार वाचू शकणारी माणसे आता थोडी आहेत, आणि ती वनखात्यात नसून मराठी-कोकणी-कन्नडच्या वर्गांत शिकवत आहेत. एखाद्या महाविद्यालयाने एका गटग्रामपंचायतीपुरती, वाड्यांच्या नावांची चारही लिप्यांतील रूपे समोरासमोर मांडलेली यादी केली, तर ती व्यापाराच्या इतिहासालाही लागेल आणि दाव्याच्या फायलीलाही. सुरुवात पाण्याखाली गेलेल्या वाड्यांपासून करावी, कारण त्यांची नावे सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत.